माळढोक हलला, आता मासेपण हलायलेत, मग हद्द आखायची कुठं?

माळरानवेडा
नमस्कार मंडळी. विषय समुद्राचा आणि मी सोलापूरचा, म्हणजे समुद्र बघायचा तर साडेतीनशे किलोमीटर तरी जावं लागतं, त्यामुळे काय हसायचं ते आधीच हसून घ्या. पण डोक्यात बसलंय ते निघेना म्हणून धागा काढतोय.

माझी पुतणी रत्नागिरीला फिशरीजला आहे. सुट्टीत घरी आल्ती. जेवताना सहज विचारलं काय चाललंय, तर म्हणली, काका, प्रोजेक्ट निवडायचाय, समुद्रात राखीव पट्टे कुठं ठेवायचे याच्या नियोजनावर, म्हणजे आज जिथं मासे आणि प्रवाळ आहेत तिथं हद्द आखली आणि उद्या पाणी तापलं आणि सगळे तिथनं निघून गेले तर त्या हद्दीचं करायचं काय. भाकरीचा तुकडा हातातच राहिला माझ्या. म्हणलं अगं हे तर आपलं नान्नज झालं की!

नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. १९७९ ला नान्नजचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौरस किलोमीटर. काही भाग नगरकडचा होता, पण नुसता आकडा बघितला तर आपला निम्म्याहून जास्त जिल्हा मावेल एवढा. आत करमाळा, माढा, मोहोळ, गावं, बाजारपेठा, शेतं, सगळं आलं. आणि गंमत बघा, पुढच्याच वर्षी १९८० ला उजनी धरण पूर्ण झालं. कालवे आले, पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला. माळढोकाला लागतं उघडं माळरान, खुरटं गवत, नाकतोडे, आणि वर्षाला एखादं अंडं उघड्यावर घालायला शांत जागा. त्याला आपण दिला ऊस आणि विजेच्या तारा. हद्द कागदावर जिथल्या तिथं, खालची जमीन मात्र बदलून गेली. पुढं हद्द कापून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली, पण तोवर पाखरू कुठं राहिलंय. नव्वदच्या दशकात मी सायकलवर जायचो तेव्हा दिसले नाहीत असं क्वचित व्हायचं. आता वनरक्षकालाच विचारतो, शेवटचा कधी दिसला हो.

तर माझा प्रश्न साधा आहे. जमिनीवर, जिथं बांध आहे, सातबारा आहे, तिथं आपल्याला हे जमलं नाही. समुद्रात ना बांध ना गट नंबर. तिथं कसं जमवणार? पोरीला काय सांगू?

कडकभाकरी
सर राग मानू नका पण हितं नळाला पाच दिवसाआड पाणी येतंय आणि तुम्ही समुद्राचं पाणी तापलं म्हणून धागा काढताय 😂

हुरडापार्टी
याला म्हणतात गड्डा जत्रेतला पाळणा सोडून मुंबईच्या बोटीची तिकिटं काढणं

माळरानवेडा
काढा बे काढा तिकिटं. पण भाऊ, आपला पाऊस येतो कुठनं? अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातनंच ना? मग समुद्र तापला काय अन् निवला काय, संबंध नाही कसा?

शिंपला
काका, धागा फार आवडला. मी मूळची बार्शीची, सध्या गोव्यात सागरी जीवशास्त्रात काम करते, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी कडकभाकरी दादांसाठी. पश्चिम हिंद महासागराचं उन्हाळ्यातलं पृष्ठभागाचं तापमान १९०१ ते २०१२ या काळात साधारण १.२ अंशांनी वाढलं, हा अभ्यास पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे, म्हणजे हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन भेटता येईल इतक्या जवळ हे काम चालतं. माणसानं जी जास्तीची उष्णता केली त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्रानंच पोटात घेतलीय, हे पण लक्षात ठेवा.

आता माशांचं. जगभरातल्या नोंदी एकत्र करून २०१३ मध्ये एक अंदाज आला होता की समुद्री जीवांच्या वावराची पुढची कड दहा वर्षांत सरासरी ७२ किलोमीटर सरकते. जमिनीवरच्या प्राण्यांपेक्षा कितीतरी जास्त. आपल्याकडचंच घ्या, तारली हा मूळ केरळ-कर्नाटकचा मासा, ८ ते १४ अंश अक्षांशातला. सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या मासळी संशोधन संस्थेच्या नोंदींनुसार १९८५ पर्यंत जवळजवळ सगळी तारली तिथलीच, नंतर ती उत्तरेला महाराष्ट्र-गुजरातकडं आणि पूर्व किनाऱ्यालासुद्धा मिळायला लागली. आणि बांगडा नुसता उत्तरेला नाही, खाली पण गेला. १९८५ ते ८९ मध्ये बांगड्याच्या एकूण मासळीत तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरचा वाटा २ टक्के होता, २००३ ते २००७ मध्ये तो १५ टक्क्यांच्या आसपास गेला. वरचं पाणी गरम झालं की मासा थंडाव्याला खाली उतरतो, आपण मे महिन्यात माळवद सोडून तळघरात जातो तसं.

म्हणजे हद्द नुसती लांबी-रुंदीची धरून चालत नाही, खोलीपण धरावी लागते. हे जमिनीवर नसतं.

कडकभाकरी
१.२ अंश? इथं मे मध्ये पहाटे २७ आणि दुपारी ४३ असतं ताई, आम्ही मेलो का

शिंपला
दादा हवा दिवसात वरखाली होते, समुद्र तसा होत नाही ना. प्रवाळाचं सांगते. त्याच्या पेशीत बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला जेवण देतं आणि रंगपण त्याचाच. वर्षातल्या सगळ्यात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी फक्त एक अंशानं वर गेलं आणि चार आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकायला लागतं, पांढरं पडतं. आठ आठवडे राहिलं तर मरायलाच लागतं. त्याला आपल्यासारखं पिंपळाखाली जाऊन बसता येत नाही, ते चिकटलेलं असतं.

लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ ला असं झालं. १९९८ ते २०२२ या काळात तिथलं जिवंत प्रवाळ साधारण निम्म्यावर आलं. ३७ टक्क्यांवरनं २० च्या आत.

नकाशेवाला
मी जीआयएसवाला, म्हणजे संगणकावर नकाशे करणारा, मूळचा अक्कलकोटचा, आता पुण्यात. या विषयात थोडं हात घातलाय म्हणून लिहितो, चुकलं तर शिंपला ताई सांगतील.

माळरान सर तुम्ही म्हणता गट नंबर नाही, तर नियोजनवाले पहिलं काम तेच करतात, समुद्राला गट नंबर पाडतात. आख्ख्या पाण्याचे चौकोन किंवा षटकोन करायचे, प्रत्येकात काय आहे ते लिहायचं, प्रवाळ, समुद्री गवत, चिखलाचा तळ, कासवं, आणि प्रत्येकाची किंमत लिहायची, म्हणजे तो चौकोन बंद केला तर मच्छीमाराचं किती नुकसान. मग सांगायचं की प्रत्येक प्रकारच्या तळाचा इतका टक्का मला राखीव पाहिजे, आणि कमीत कमी लोकांच्या पोटावर पाय पडला पाहिजे. चौकोन लाखभर, जोड्या अगणित, हातानं होत नाही. त्यासाठी मार्क्सन नावाचं सॉफ्टवेअर आहे, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात इयन बॉल आणि ह्यू पॉसिंगहॅम यांनी केलेलं, फुकट मिळतं. ते हजारो वेळा जुळवाजुळव करून बघतं आणि सांगतं की हा चौकोन जवळजवळ प्रत्येक जुळणीत येतोय म्हणजे याला पर्याय नाही, आणि हा कधी येतो कधी नाही, म्हणजे इथं घासाघीस करायला जागा आहे. मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं, कारण बैठकीत लोकांशी बोलताना तुमच्या हातात सोडून देण्यासारखं काहीतरी असतं.

ग्रेट बॅरिअर रीफला, म्हणजे ऑस्ट्रेलियाजवळच्या प्रवाळाच्या पट्ट्याला, हे वापरलं. ते पार्क १९७५ च्या कायद्यानं झालं, आकार ३,४४,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून मोठं. २००४ च्या आधी त्यातला पूर्ण मासेमारीबंद भाग ५ टक्क्यांच्या आत होता. त्यांनी सगळ्या पाण्याचे ७० नैसर्गिक विभाग पाडले, प्रत्येकाचा किमान २० टक्के भाग राखला, आणि बंद भाग ३३ टक्क्यांवर नेला. कागदावर बघितलं तर काम एकदम चोख.

हुरडापार्टी
कागदावर म्हणलं की मला धडकी भरते, पुढं?

नकाशेवाला
पुढं २०१६. पाणी तापलं आणि सगळ्यात जास्त मार बसला उत्तरेच्या भागाला, जो सगळ्यात राखलेला, माणसाचा हात सगळ्यात कमी लागलेला. त्या एका फटक्यात पूर्ण रीफवरचं उथळ पाण्यातलं साधारण ३० टक्के प्रवाळ गेलं. नंतरच्या अभ्यासात आलं की पांढरं पडण्यात राखीव आणि बिनराखीव भागात म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्यानंतर २०१७, २०२०, २०२२, २०२४. उष्णतेला तुमची हद्द दिसत नाही.

कडकभाकरी
झालं मग. विषय संपला. राखून पण मरतंय तर राखायचं कशाला, खाऊ द्या की लोकांना मासे

उजनीकाठ
भाकरीसाहेब थांबा जरा. मी करमाळ्याकडचा, आमचं घरदार उजनीच्या मासळीवर. आजोबा भीमेत भोवऱ्यात जाळं टाकायचे, वडिलांनी धरण बघितलं, मी कटला, रोहू आणि चिलापी विकतो. समुद्र मी एकदाच बघितला, गणपतीपुळ्याला, पण राखायचं कशाला हे विचारू नका.

उन्हाळ्यात पाणी उतरलं, पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, की मासा सगळा जुन्या नदीच्या पात्रातल्या खोल डोहात जातो. तिथं पाणी गार. आता हे मला ठाऊक तसं सगळ्यांनाच ठाऊक. मग सगळ्यांच्या होड्या तिथंच. बारीक आसाची जाळी घेऊन येणारे पण तिथंच, बोटाएवढं पिल्लू सोडत नाहीत, ते सुकवून खाद्याला जातं. पाऊस आला की धरण भरतं पण भरून उपयोग काय, अंडी घालायला मोठा मासाच राहिला नाही. ज्या वर्षी डोहातला थोडा जरी मासा वाचला त्याच्या पुढच्या वर्षी फरक कळतो. उन्हाळा आपल्याला थांबवता येत नाही, डोहावरची होडी थांबवता येते. एवढंच म्हणायचंय.

माळरानवेडा
वा! हे आधी कुणी सांगितलं नव्हतं मला.

शिंपला
उजनीकाठ दादा, तुम्ही जे डोहाचं लिहिलंत ना, त्यावर लोक पीएचडी करतायत. समुद्रात पण असे डोह आहेत, म्हणजे जिथं खालचं गार पाणी वर येतं, किंवा जोरदार प्रवाह आहे, किंवा कडेला एकदम खोल आहे, तिथं उष्णतेची लाट आली तरी जरा कमी बसते. नियोजनात आता हे चौकोन आधी शोधतात. आणि तुम्ही म्हणता तेच संकट तिथंही आहे, मासा जिथं आसऱ्याला जातो तिथं बोटीपण जातात. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राकडून मच्छीमारांना रोज उपग्रहाच्या आधारे सल्ला जातो, पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळी कुठं मिळायची शक्यता आहे ते. अतिशय चांगली सेवा आहे, डिझेल वाचतं. पण तोच नकाशा उलटा धरला की कुठं थांबायचं तेपण कळतं.

कडकभाकरी दादा, राखून काय मिळतं याचं एक उदाहरण. मेक्सिकोत काबो पुल्मो म्हणून छोटं पार्क आहे, १९९५ चं. गावातल्या मच्छीमार कुटुंबांनीच बंदी मागून घेतली आणि स्वतःच राखली. १९९९ ते २००९ मध्ये तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं. प्रवाळ पांढरं पडणं यानं थांबत नाही, ते खरंच आहे, आणि आमच्यातल्याच काही लोकांनी आधी जास्त मोठी आश्वासनं दिली होती हेही कबूल करते. पण मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढतं, ते खाऊन साफ करणारे मासे असतील तर नवीन प्रवाळाला बसायला जागा मिळते. मासेच नसतील तर तो खडक कायमचा हिरवा.

कडकभाकरी
बरं ताई. घेतलं मागं अर्धं.

तारकर्लीकर
सोलापूरकरांचा समुद्रावरचा धागा बघून इलंय. मालवणचा आसंय, घरची रापण.

काबो पुल्मो वाचून बरा वाटला पण त्यातला "गावातल्यांनीच मागून घेतली" एवढाच वाक्य दहा वेळा वाचा. आमच्याकडे १९८७ ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर, गाभा ३.१८ चौरस किलोमीटर, पद्मगड वगैरे धरून. तेव्हापासून आमच्या घरात अभयारण्य म्हणजे भांडणाचा विषय. नकाशो आधी इलो, विचारूक मागसून इले. रापण म्हणजे किनाऱ्यावरनं पन्नास माणसं मिळून ओढतात ते जाळं, वाटा सगळ्यांचा. आम्ही समुद्र संपवला नाही. रात्री एलईडी लावून दिवसासारखा उजेड पाडतात आणि पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यानं थवाच्या थवा उचलतात, त्या एलईडीवर केंद्रानं २०१७ पासून बंदी घातलीय, तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर दुसरं गाव वसल्यासारखं दिसतं.

आणि आता तुम्ही म्हणताय मासा सरकतो म्हणून हद्दपण सरकवायची. म्हणजे यंदा माझ्या दारात, पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या. माणसानं कर्ज काढून होडी घ्यायची की नाही? स्थिर हद्दीवर एक वेळ भांडता येतं, फिरत्या हद्दीवर भांडायचं कुणाशी?

माळरानवेडा
तारकर्लीकर दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण शब्द बदलले तर हे वडाळा-नान्नजकडचा शेतकरी बोलतोय असं वाटतं. आमच्या नात्यातल्या एकाची जमीन त्या जुन्या हद्दीत होती. विहिरीसाठी कर्ज पाहिजे होतं, एका कचेरीत कागद दोन वर्षं फिरला, अभयारण्य आहे ना, मग ना-हरकत आणा. त्यांच्या शेतात माळढोक कधी उतरलाच नव्हता. शेवटी त्या पाखराचं नाव काढलं की चुलते उठून जायचे. ज्यानं राखायचं त्यालाच आपण त्याचा वैरी केला. माझ्या मते माळढोक उसानं गेला तेवढाच या रागानं गेला. हे माझं मत आहे, आकडे नाहीत.

नकाशेवाला
फिरत्या हद्दीबद्दल दोन्ही बाजू सांगतो, कारण तारकर्लीकरांचा मुद्दा खोडता येत नाही पण दुसरी बाजूपण भयंकर आहे.

नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल. उरलेत पाचशेच्या आत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला त्यांच्यासाठी जहाजांचे वेग कमी केले, जाळ्या-दोरांचे नियम केले, कितीतरी वर्षांचं काम. मग मेनच्या आखाताचं पाणी तापलं, त्यांचं खाणं, कॅलॅनस नावाचे तांदळाच्या दाण्याएवढे जीव, कमी झाले, आणि व्हेल खाण्यामागं उत्तरेला कॅनडाच्या सेंट लॉरेन्स आखातात गेले. तिथं नियम काहीच नव्हते, कारण तिथं ते येतील हे कुणी धरलंच नव्हतं. २०१७ या एका वर्षात दोन्ही देशांत मिळून १७ मेलेले सापडले, त्यातले १२ कॅनडात. जहाजाची धडक आणि दोरात अडकणं. राखण होती, फक्त जुन्या पत्त्यावर.

त्यानंतर कॅनडानं काय केलं तर व्हेल दिसला किंवा पाण्याखालच्या माईकवर आवाज आला की तेवढा भाग पंधरा दिवस बंद. पंधरा दिवसांत परत दिसला नाही तर खुला. हवाईत तर २००६ पासून कासवांसाठी बंदीसुद्धा नाही, नुसता नकाशा देतात, की साडेसतरा ते साडेअठरा अंशाच्या पाण्याच्या पट्ट्यात लॉगरहेड कासवं असतात, तिथं गळ टाकू नका. पट्टा हलतो तसा नकाशा हलतो. कारण कासव अडकलेलं मच्छीमाराला पण परवडत नाही, तेव्हा कोटा संपला की सगळंच बंद व्हायचं.

शिंपला
आणि यात नियम आधी ठरलेला असतो हे महत्त्वाचं. बंदी कुणाच्या मर्जीवर नसते. पाणी इतकं झालं, इतके दिवस राहिलं, तर हा भाग बंद, आणि उतरलं की त्याच दिवशी खुला. हे होडी घेतानाच माहीत असलं पाहिजे आणि बंद दिवसांचे पैसे कोण देणार तेपण त्याच कागदावर पाहिजे. तारकर्लीकर दादा, एवढं असतं तर चाललं असतं का?

तारकर्लीकर
खुला करायचा दिवसपण लिहून देणार असाल तर बसून बोलू. आजवर बंद करायचाच दिवस लिहिलेला बघितलाय.

हुरडापार्टी
मी एक अडाणी प्रश्न विचारू का. नेमकं कुठलं प्रवाळ वाचणार ते आज कुणालाच सांगता येत नाही ना? मग आपण रब्बीला करतो तसं का करत नाहीत. मंगळवेढ्याकडं मालदांडी पेरतात पण मधे करडईच्या ओळी टाकतात. पाऊस बरा झाला तर ज्वारी, नाही झाला तर करडईचं मूळ खोल जातं, ती तरते. आख्ख्या रानात एकच पीक टाकणारा एका वर्षात मोठा होतो नाहीतर एका वर्षात बसतो.

शिंपला
😄 अडाणी म्हणे! २०१८ मध्ये जगभरातल्या प्रवाळातनं पन्नास जागा निवडल्या, त्याला ५० रीफ्स म्हणतात, त्यात शेअरबाजारातलं गुंतवणुकीचं गणित वापरलं. म्हणजे सगळ्यात भारी पन्नास घ्यायच्या नाहीत, एकदम सगळ्या बुडणार नाहीत अशा पन्नास घ्यायच्या. तुमची करडईच ती.

म्हणून एका प्रकारचा तळ एकाच ठिकाणी न राखता तीन-चार ठिकाणी राखायचा, लांब लांब. आणि मधे टप्पे ठेवायचे, कारण प्रवाळ आणि माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जाऊन दुसरीकडं रुजतात, मधे बसायला जागा नसेल तर वाटेत संपतात.

नकाशेवाला
आपल्याकडं आंग्रिया बँक ही मला अशी जागा वाटते. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, पाण्याखालचं पठार, माथा वीसेक मीटर खोलीवर आणि कडेला एकदम खोल. नाव कान्होजी आंग्र्यांवरनं. राखीव करायची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. किनाऱ्यापासून लांब म्हणून सांडपाण्याचा त्रास कमी, पण म्हणूनच तिथं लक्ष ठेवायला जाणार कोण हा प्रश्न.

आणि त्याच्याही पलीकडं, कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रासाठी २०२३ ला करार झाला, तो १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. आपला गड्डा चालू होता त्याच आठवड्यात.

उजनीकाठ
मला तारखांचं विचारायचंय. समुद्रातली पावसाळी बंदी कॅलेंडर बघून असते ना? मासा कॅलेंडर बघत नाही. आमच्याकडं पाऊस लांबला की गाभोळी, म्हणजे पोटात अंडी असलेला, मासा पण थांबतो.

तारकर्लीकर
पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. मग नारळी पौर्णिमा. खरं सांगायचं तर त्या दिवसांत दर्याच आत जाऊ देत नाही, उधाण असतं, म्हणून ती पाळली जाते.

शिंपला
उजनीकाठ दादांनी परत नेमकं बोट ठेवलं. हद्द जशी जागेची तशी ती काळाचीपण असते. चेन्नईकडं राणी माशाच्या एका जातीचं दिसलंय की तो उन्हाळ्यातलं अंडी घालणं कमी करून थंड महिन्यांकडं, ऑक्टोबर ते मार्चकडं सरकला. आणि पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. प्रत्येक जातीचं असं होतं असं नाही, बंदीचा बाकी माशांना फायदा आहेच. पण तारखा एकदा ठरल्या की परत बघायच्याच नाहीत, ही सवय मोडायला पाहिजे. काका, तुमच्या पुतणीला सांगा, हद्दी सगळेच करतात, तारखांवर प्रोजेक्ट कर. डेटा जुना आणि भरपूर मिळेल, आणि बंदरावर जाऊन मासे चिरून बघता येतील, बोट भाड्यानं घ्यायला नको.

माळरानवेडा
कळवलं तिला. आधी म्हणली काका तुम्हाला कुणी सांगितलं हे, मी म्हणलं करमाळ्याच्या एका माणसानं, तर खोटं वाटलं. आता धागाच पाठवलाय, बघू वाचते का. आणि ती गाभोळी बघायला मुद्दाम उजनीला येईल म्हणतेय, उजनीकाठ दादा, चालेल ना?

उजनीकाठ
कधीपण या. जूनच्या पहिल्या पावसानंतर या म्हणजे दाखवता येईल. जेवायलाच या.

कडकभाकरी
मलापण न्या. समुद्राचं पटो न पटो, चिलापी पटते.

तारकर्लीकर
एक राहिलं. तुम्ही सोलापूरवाले समुद्रापासून लांब म्हणता पण खाणारे तुम्हीच. २०२३ ला राज्यानं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिलीय, त्याहून लहान पकडायचा नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा केलं. पण लहान मासा विकला जातोय तोवर तो पकडला जाणारच. गिऱ्हाईक तिकडचंच आसा.

हुरडापार्टी
आम्हाला काय माहीत किती लांबीचा असतो, आम्ही मासा पाव किलोच्या हिशोबात ओळखतो

माळरानवेडा
चार दिवसांनी परत आलो. तारकर्लीकरांचं वाचून काल मुद्दाम मासळी बाजारात गेलो. मावशींना विचारलं, हा बांगडा कुठनं येतो. म्हणल्या, बर्फातनं येतो. म्हणलं तसं नव्हे, कुठल्या बंदरावरनं. म्हणल्या, रात्री गाडी येते, पहाटे खोकी उतरतात, घ्यायचा तर घ्या नाहीतर पुढं सरका, मागं गिऱ्हाईक थांबलंय. घेतला अर्धा किलो. फोटो काढून पुतणीला पाठवला, म्हणलं खूश होईल, काका समुद्रात रस घ्यायला लागले.

तिचं उत्तर आलं, "काका, शेजारी पट्टी ठेवून परत फोटो काढा."

पट्टी ठेवली. तेव्हापासून तिचे तीन फोन येऊन गेले, उचलले नाहीत.

तारकर्लीकर
किती भरलो?

माळरानवेडा
सांगत नाही.